हृदयविकार आणि संशोधन: भाषणानंतर, चपला घालताना विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. नाशिकमध्ये बावीस वर्षं ईसीजी काढते, ट्रेडमिल टेस्ट घेते, होल्टर (दिवसभर ठोके नोंदवणारं छोटं यंत्र) लावते. सुट्टीच्या दिवशी ज्येष्ठ नागरिक संघांत, महिला मंडळांत, कधी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत हृदयविकारावर बोलायला जाते. भाषण वीस मिनिटांत संपतं, प्रश्न दीड तास चालतात आणि खरे प्रश्न लोक चपला घालताना विचारतात. तेच इथे उतरवलेत. औषध सुरू करायचं, बंद करायचं, डोस बदलायचा, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. संशोधन काय सांगतं, तेवढंच मी सांगते.

अटॅक, हार्ट फेल्युअर, कार्डियाक अरेस्ट: सगळं एकच ना?

नाही. निफाडच्या एका द्राक्ष बागायतदाराने हे माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं होतं: "ठिबकची नळी तुंबली तर अटॅक, मोटार दमली तर फेल्युअर, आणि लाइटच गेली तर अरेस्ट." नळी तुंबली की पुढची वेल सुकते. हृदयाच्या स्नायूचंही तसंच होतं, फक्त दिवसांऐवजी मिनिटांत. दमलेली मोटार औषधांवर बरीच वर्षं चालते. लाइट गेली, म्हणजे हृदयच थांबलं, तर मात्र माणूस तिथल्या तिथे कोसळतो आणि छाती दाबायला लगेच कुणीतरी लागतं.

छातीत जळजळतंय. ॲसिडिटी आहे की अटॅक, हे घरी कसं ओळखायचं?

घरी ओळखता येत नाही. रविवारी दुपारी छातीत जळजळलं की आपल्याकडे सगळा दोष सकाळच्या मिसळीच्या तर्रीवर जातो. मग सोडा, ओवा, गार दूध, पोट शेकणं, "जरा पडून बघ". यात दोन-तीन तास सहज जातात. हृदयाची कळ पोटाच्या वरच्या भागात जाणवू शकते, तिच्याबरोबर ढेकर आणि मळमळही येते, त्यामुळे ढेकर आला म्हणून गॅसच, हा हिशोब चुकीचा. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटणं, दरदरून घाम, कळ जबड्यात, डाव्या हातात किंवा दोन्ही हातांत उतरणं, दम लागणं, यातलं काहीही काही मिनिटांत ओसरलं नाही तर विचार करत बसू नका. घाम आणि दम असेल तर तेवढंही थांबू नका.

एक गोष्ट मला इथेच सांगायची आहे, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्यावर उभी आहेत. हृदयविकाराची दोन घड्याळं असतात. एक वर्षांचं: रक्तवाहिनीत चरबीचा थर हळूहळू साचतो. दुसरं मिनिटांचं: तो थर फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि वाहिनी बंद होते. नाशिककर ही घड्याळं उलटी लावतात. तपासणीत ब्लॉकेज निघालं की त्याच रात्री दागिने गहाण ठेवायची तयारी, आणि छातीत खरी कळ आली की सकाळपर्यंत वाट. संशोधन बरोबर उलटं सांगतं.

ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सुटलो का?

आनंद जरूर माना, पण लगेच घरी जाऊ नका.

आधी या यंत्राबद्दल दोन शब्द, कारण माझं पोट त्यावर आहे. विल्यम आइंथोव्हेन या डच शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते बनवलं, तेव्हा त्याचं वजन सुमारे २७० किलो होतं. चालवायला पाच माणसं लागायची आणि रुग्णाचे हात मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ठेवावे लागायचे. त्यासाठी त्यांना १९२४ चं नोबेल मिळालं. आज तेच काम पिशवीत मावणारं यंत्र करतं. पण मूळ मर्यादा तीच आहे: ईसीजी म्हणजे त्या दहा सेकंदांचा फोटो. त्या क्षणी वाहिनी पूर्ण बंद नसेल किंवा बिघाड हृदयाच्या मागच्या भिंतीत असेल, तर ईसीजीची पट्टी स्वच्छ येऊ शकते.

माझ्याच वडिलांचं सांगते. संध्याकाळी कळ आली, जवळच्या एका दवाखान्यात पट्टी काढली, "नॉर्मल आहे, ॲसिडिटीची गोळी घ्या" म्हणून घरी पाठवलं. रात्री अडीच वाजता पुन्हा कळ आली. दुसरी पट्टी मी स्वतः काढली, आणि छातीवर चिकटवलेल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या लीडमध्ये, म्हणजे तारेत, रेघ वर उचललेली पाहिली तेव्हा माझेच हात थरथरत होते. वडील वाचले, पण हृदयाचा पुढचा भाग कायमचा अशक्त झाला. संध्याकाळची पट्टी चुकीची नव्हती. चूक एकच झाली: ती पुन्हा काढली नाही.

म्हणूनच छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी पोहोचल्यापासून दहा मिनिटांत काढायचा, दुखणं चालू असेल तर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढायचा आणि ट्रोपोनिन तपासायचं, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं. नव्या अतिसंवेदनशील चाचणीत एक ते तीन तासांच्या अंतराने दोन नमुने घेतले की आकडा चढतोय की स्थिर आहे, ते कळतं. एका आकड्यापेक्षा ही चढण जास्त बोलकी असते. तेव्हा "पुन्हा कधी काढणार?" हा प्रश्न न लाजता विचारा.

बायकांना अटॅक कमी येतात ना?

पाळी जाईपर्यंत तुलनेने कमी, नंतर ती सवलत संपत जाते. मधुमेह असेल तर आधीच संपते. बायकांनाही छातीत दुखतंच, पण त्याबरोबर धाप, मळमळ, पाठीत किंवा जबड्यात दुखणं आणि "अंगात त्राणच नाही" ही तक्रार पुरुषांपेक्षा जास्त असते.

पण मला दिसतं ते पुस्तकात कमी असतं. बाई येते ती स्वयंपाक उरकून, डबे भरून. टेबलावर झोपवल्यावर ब्लाऊजचे हूक काढायला संकोच करते, नणंद किंवा सून दारात उभी असते, पडदा धड नसतो. मग लीड कपड्यांच्या फटीतून, जिथे जमेल तिथे चिकटवली जाते. अशी दोन बोटं वर लागलेली लीड पट्टी बदलून टाकते. दवाखाने चालवणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे: लाखांचं यंत्र घेता, त्याबरोबर एक नीट पडदा आणि एक चादरही घ्या.

आपल्याकडे इतक्या लवकर का येतात अटॅक? आमच्या कंपनीतला मुलगा ४१ वर्षांचा होता.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि इथे संशोधनाकडे सांगण्यासारखं खूप आहे.

२००४ साली 'इंटरहार्ट' हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५२ देश, अटॅक आलेले सुमारे १५ हजार लोक आणि तुलनेसाठी जवळजवळ तितकेच न आलेले. मूळ केरळचे आणि कॅनडात काम करणारे डॉ. सलीम युसुफ त्याचे प्रमुख. तंबाखू, कोलेस्टेरॉलमधलं असंतुलन, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, ताणतणाव, फळं-भाज्या कमी खाणं, व्यायाम नसणं आणि दारूचं प्रमाण या नऊ गोष्टींतून पहिल्या अटॅकचा ९० टक्के धोका समजावून सांगता येतो, असं त्यातून दिसलं. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येत होता, बाकीच्यांना ५९ च्या आसपास. कारणं मात्र तीच होती. आपल्याकडे ती लवकर गाठतात, इतकंच.

लवकर का? याचं एक उत्तर आपल्या पुण्यातून आलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण आपल्या हडकुळ्या बाळांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. मग २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला: याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. "मी तर बारीक आहे" म्हणणाऱ्याला मी हा किस्सा सांगते. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं बोलते.

आणखी दोन गोष्टी रक्तातून येतात. एक 'लायपोप्रोटीन ए', म्हणजे रक्तातला चरबी वाहणारा एक कण. ते बहुतांश आनुवंशिक असतं, पथ्याने फारसं हलत नाही. ते कमी करणाऱ्या औषधांच्या मोठ्या चाचण्या चालू आहेत. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ च्या सूचनांत ही तपासणी आयुष्यात निदान एकदा करावी असं म्हटलंय. घरात कुणाला पन्नाशीच्या आत अटॅक आला असेल तर नक्की करा. दुसरी गोष्ट हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये पुढे आणली: 'एमवायबीपीसी-३' या जनुकातला २५ अक्षरांचा तुकडा गळालेला असणं. सुमारे चार टक्के भारतीयांत हा बदल आढळतो आणि त्यांना उतारवयात हृदयाच्या स्नायूचा आजार होण्याचा धोका वाढतो. तो तरुणपणी त्रास देत नाही, म्हणून पिढ्यान् पिढ्या पुढे जात राहिला.

आमच्या आईला कसलंच व्यसन नाही, फक्त मिश्री लावते.

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. दातांना लावला तरी निकोटिन रक्तातच जातं. इंटरहार्टच्या २००६ च्या विश्लेषणात तंबाखू चघळणाऱ्यांत अटॅकची शक्यता दुपटीहून थोडी जास्त दिसली. आईला "व्यसन" म्हणू नका, भांडण होईल. दंतमंजन बदलून द्या.

चालल्याने खरंच फरक पडतो, की डॉक्टर सवयीने सांगतात?

याचा पहिला चांगला पुरावा बसमधून आला. १९५३ मध्ये जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दोघांचा वर्ग, पगार, वस्ती साधारण सारखी. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर रोज पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. कंडक्टरांना हृदयविकार बराच कमी होता, आणि झाला तरी तो कमी जीवघेणा होता. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांची मापं तपासली तेव्हा ड्रायव्हरांच्या विजारी कमरेला आधीपासूनच मोठ्या निघाल्या. म्हणजे सगळं श्रेय पायऱ्यांना देता येत नाही. स्वतःच्या निष्कर्षाला असं खोदून पाहणारा माणूस मला फार आवडतो. नंतरच्या कितीतरी अभ्यासांनी मूळ मुद्दा मात्र टिकवला.

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगाने. वर्षभर काहीच न करता एखाद्या रविवारी पांडवलेण्यांच्या पायऱ्या धावत चढायच्या, हा व्यायाम नव्हे.

कोलेस्टेरॉलची गोळी एकदा सुरू झाली की सुटत नाही म्हणतात. आणि पाय दुखतात.

सुटत नाही, कारण मूळ दुखणं सुटलेलं नसतं. चष्मा लावून नंबर जात नाही, तसंच.

या गोळीचा जन्म तांदळाच्या बुरशीतून झाला. जपानमधले अकिरा एन्डो यांनी हजारो बुरश्या तपासल्या आणि १९७३ च्या सुमारास क्योटोतल्या एका धान्यदुकानातल्या तांदळावरच्या निळसर बुरशीत त्यांना पहिलं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, सापडलं. ते खरंच जीव वाचवतं का, याचं उत्तर १९९४ मध्ये मिळालं. उत्तर युरोपातल्या हृदयविकाराच्या ४,४४४ रुग्णांवरच्या चाचणीत पाच-साडेपाच वर्षांत औषध नसलेल्या खोट्या गोळीच्या गटातले १२ टक्के आणि स्टॅटिनच्या गटातले ८ टक्के लोक दगावले. शंभरातले चार वाचले. माझ्या मते हा आकडा भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे.

आता पायदुखी. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या 'सॅमसन' चाचणीत, त्रास होतो म्हणून गोळी सोडलेल्या ६० जणांना वर्षभर आलटून पालटून महिना महिना तीन प्रकारच्या बाटल्या दिल्या: खरी गोळी, खोटी गोळी आणि रिकामी बाटली. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जेवढा त्रास, त्याच्या ९० टक्के त्रास खोट्या गोळीच्या महिन्यांतही झाला. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत तो जवळजवळ निम्मा होता. ते लोक खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच दुखत होतं. पण दुखण्याचं कारण बहुतेक वेळा औषध नव्हतं, औषधाची धास्ती होती. हे कळल्यावर त्यातल्या निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली. क्वचित स्नायूंना खरोखर इजा होते. लघवी चहासारखी गडद झाली तर लगेच डॉक्टर गाठा.

ब्लॉकेज ७० टक्के निघालं. स्टेंट टाकायचाच ना?

आधी सांगा: अटॅक येऊन गेलाय का, की तपासणीत सहज सापडलं?

अटॅक चालू असताना बंद वाहिनी उघडणं जीव वाचवतं, याबद्दल वाद नाही. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झ्युरिकमध्ये जाग्या रुग्णाच्या हृदयाची वाहिनी फुग्याने पहिल्यांदा उघडली. त्यानंतर पुढच्या दशकात स्टेंट आला: वाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळीदार नळी. घोटाळा तिथून सुरू झाला: जे आणीबाणीत चालतं ते शांततेतही चालणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं.

२००७ च्या 'करेज' चाचणीत २,२८७ स्थिर रुग्ण होते, २०१९ मध्ये जाहीर झालेल्या 'इस्केमिया' चाचणीत ३७ देशांतले ५,१७९. त्यात भारतातलेही होते. निम्म्यांना औषधं आणि सोबत स्टेंट किंवा बायपास. निम्म्यांना आधी फक्त औषधं, गरज पडली तरच पुढचं. मृत्यू किंवा अटॅक टाळण्यात दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. चालताना छातीत भरून येण्याचा त्रास मात्र स्टेंटवाल्यांचा जास्त कमी झाला. म्हणजे त्रास असेल, औषधांनी भागत नसेल, तर स्टेंट टाकण्यात अर्थ आहे. डाव्या मुख्य वाहिनीत मोठा अडथळा असलेले आणि ज्यांचं हृदय फारच अशक्त आहे असे लोक या चाचणीत नव्हते, त्यामुळे त्यांना हा निकाल लावू नका.

कारण सोपं आहे. अटॅक बऱ्याचदा ७० टक्क्यांच्या टणक अडथळ्यातून येत नाही, ३०-४० टक्क्यांच्या मऊ थराला तडा गेल्यावर येतो. स्टेंट एका जागी बसतो, गोळी सगळ्या नळ्यांत फिरते.

त्रास नसताना "आत्ताच्या आत्ता सही करा" म्हटलं गेलं, तर दुसरं मत घ्यायला एक-दोन दिवस मिळतात. पैशाचं म्हणाल तर फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली. लाखाच्या वर जाणारा औषधी लेपाचा स्टेंट २९,६०० रुपयांवर आला. पुढे आकडे थोडे बदलत राहिले, पण बिलात स्टेंटची किंमत वेगळी लिहिलेली असायला हवी. ती बघा.

सुरगाण्यात, पेठमध्ये अटॅक आला तर नाशिकला पोहोचेपर्यंत काय?

पेठहून सावळघाट ओलांडून येणाऱ्या रुग्णासाठी कॅथलॅब, म्हणजे वाहिनी उघडण्याची खोली, किती आधुनिक आहे, याला दुय्यम महत्त्व आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन वाटेत कुठे मिळतं, हे पहिलं.

इटलीतल्या 'जिस्सी' चाचणीने १९८६ मध्ये ११ हजारांहून जास्त रुग्णांत दाखवलं की पहिल्या तासात स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालेल्यांत रुग्णालयातले मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाले. तास वाढत गेले तसा फायदा घटत गेला. १९८८ च्या 'आयसिस-२' मध्ये १७,१८७ रुग्ण होते. स्ट्रेप्टोकायनेज आणि साधी ॲस्पिरिन दोन्ही मिळून मृत्यू ४२ टक्क्यांनी घटले. पुढे २०१३ च्या 'स्ट्रीम' चाचणीत, ज्यांना तासाभरात अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने वाहिनी उघडणं, मिळणं शक्य नव्हतं अशांना आधी इंजेक्शन देऊन मग मोठ्या रुग्णालयात हलवलं, आणि निकाल थेट अँजिओप्लास्टीच्या तोडीचे आले. मेंदूत रक्तस्राव थोडा जास्त झाला, म्हणून ७५ वर्षांपुढच्यांचा डोस निम्मा केला.

तमिळनाडूने हे गावपातळीवर करून दाखवलं. छोट्या रुग्णालयांत ईसीजी काढायचा, तो मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञाने दुरून बघायचा, इंजेक्शन तिथेच द्यायचं, मग रुग्णवाहिका. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. यात नवं औषध कुठलंच नव्हतं, फक्त फोन आणि शिस्त.

तुम्ही करायचं ते असं: १०८ लावा. माणसाला चालवत जिन्याने उतरवू नका, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणू नका. फोनवरच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल, तर ३०० मिलिग्रॅमची ॲस्पिरिन चावून खायला द्या. शेजाऱ्याची जिभेखालची गोळी मात्र उसनी घेऊ नका. रक्तदाब आधीच पडलेला असेल तर ती घात करते.

मग ॲस्पिरिन रोजच घेतली तर?

अटॅक येऊन गेला असेल, स्टेंट असेल तर डॉक्टर देतातच, ती स्वतःहून बंद करू नका. काहीच झालेलं नसेल तर "असू दे आपली" म्हणून नको. २०१८ च्या 'ॲस्प्री' चाचणीत १९ हजारांहून जास्त निरोगी वृद्धांत हृदयविकार काही ठळक कमी झाला नाही, रक्तस्राव मात्र वाढला.

आपण वाइनच्या गावचे. रोज एक ग्लास रेड वाइन हृदयाला चांगली ना?

हा प्रश्न नेहमी मागच्या रांगेतून येतो आणि पुढची रांग हसते.

फ्रेंच लोक लोणी-चीज खाऊनही कमी मरतात, कदाचित वाइनमुळे, असा लेख १९९२ मध्ये आला आणि वाइनची जगभर चर्चा झाली. नंतर मेख सापडली. "न पिणाऱ्यां"च्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले बरेच लोक होते, त्यामुळे पिणारे त्यांच्यापेक्षा ठणठणीत दिसत. द्राक्षाच्या सालीतल्या रेझव्हेराट्रॉल या घटकाचंही तेच झालं. इटलीच्या वाइनप्रदेशातल्या ७८३ वृद्धांच्या शरीरातलं त्याचं प्रमाण मोजलं, तर हृदयविकाराशी किंवा आयुष्याशी काही संबंध दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही असं सांगितलं. आवडते म्हणून प्यायची तर प्या, औषध म्हणू नका. द्राक्षं खा. मधुमेह असेल तर मोजून खा.

वनस्पतींची औषधं? अर्जुनसाल? "ऑपरेशनशिवाय ब्लॉकेज साफ" वाली सलाइन?

तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

वनस्पतीतून औषध येतंच. पावसाळ्यात त्र्यंबकच्या डोंगरउतारांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी पाहिली असेल. तिच्यात कोल्चिसिन असतं, गाऊट या सांधेदुखीवर वापरतात तेच. २०२० च्या 'लोडोको-२' चाचणीत ५,५२२ जुन्या हृदयरुग्णांना रोज फक्त अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिन दिलं, तर अटॅक, स्ट्रोक वगैरे मिळून सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. रक्तवाहिनीच्या भिंतीतला दाह हाही या आजाराचा भाग आहे, हे त्यातून पटलं. पण २०२४ मध्ये, नुकत्याच अटॅक आलेल्या सात हजार लोकांवरच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. प्रश्न अजून उघडा आहे. आणि कळलावीचा कंद जहाल विष आहे. तो उगाळून घ्यायचा विचारही करू नका.

अर्जुनसालीवर छोटे अभ्यास आहेत, अटॅक किंवा मृत्यू टळतात हे दाखवणारी मोठी चाचणी नाही. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

सलाइनमधून "नळ्या धुणारी" चिलेशन पद्धत: अमेरिकेतल्या २०१३ च्या चाचणीत थोडा फायदा दिसला म्हणून मधुमेह आणि जुना अटॅक असलेल्यांत ती पुन्हा तपासली. २०२४ मध्ये उत्तर आलं: उपयोग नाही. चाळीस सलाइनचं पॅकेज विकणारे हा दुसरा निकाल सांगत नाहीत.

कोविडच्या लसीमुळे तरुण मुलं अचानक जातायत का?

आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, हेच तपासलं. १८ ते ४५ वयातले अचानक मृत्यू पावलेले ७२९ आणि तुलनेसाठी २,९१६ जण, देशभरातली ४७ रुग्णालयं. लसीमुळे धोका वाढलेला दिसला नाही. वाढवणाऱ्या गोष्टी होत्या: कोविडसाठी रुग्णालयात भरती झालेलं असणं, घरात अचानक मृत्यूचा इतिहास, मृत्यूच्या आधीच्या ४८ तासांत बेसुमार दारू, नशेचे पदार्थ किंवा अतिश्रमाचा व्यायाम. ज्यांचा मुलगा गेलाय त्यांच्यापुढे आकडे मांडायला माझी जीभ रेटत नाही. पण त्याच्या भावंडांचा ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या, हे मी आवर्जून सांगते.

मुलीचे सांधे आलटून पालटून सुजतात, ताप येतो. आश्रमशाळेतले सर म्हणाले, हृदय तपासा. हृदयाचा काय संबंध?

सर हुशार आहेत. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंशी लढताना शरीर कधी कधी स्वतःच्या सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटतं. सांधे बरे होतात, झडप खराब राहते. हा संधिवाताचा ताप साधारण ५ ते १५ वर्षांच्या मुलांना गाठतो, दाटीवाटीने राहणाऱ्यांना जास्त. युगांडात ८१८ मुलांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, झडपेत नुकताच बिघाड दिसलेल्यांना दोन वर्षं नियमित पेनिसिलिन दिलं. त्यांच्यात बिघाड वाढला तो ०.८ टक्के मुलांत, न दिलेल्यांत ८.२ टक्के. इंजेक्शन स्वस्त आहे, दुखतं भरपूर, तीन-चार आठवड्यांनी यावं लागतं आणि म्हणूनच चुकतं.

झडप बदलावीच लागली तर आपल्या देशातली चित्रा झडप आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने ती घडवली, डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा बसवली, आणि आतापर्यंत लाखाहून जास्त रुग्णांत ती चालते आहे. परदेशी झडपेपेक्षा बरीच स्वस्त.

संशोधनात भाग घ्या म्हणाले. आम्हाला उंदीर समजतात का?

विचारताहेत म्हणजे समजत नाहीत. वर सांगितलेला प्रत्येक आकडा कुणीतरी "हो" म्हटल्यामुळे मिळालाय. पण सही करण्याआधी विचारा: नैतिकता समितीची परवानगी आहे का? भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, नोंद क्रमांक काय? चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार? माहितीपत्रक मराठीतच मागा, घरी नेऊन वाचा. मधूनच बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहे आणि त्यासाठी कारण द्यावं लागत नाही. बाहेर पडलात म्हणून नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

योजनेत बसतं का?

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी, बायपास, झडपेची शस्त्रक्रिया येतात, पण फक्त योजनेशी जोडलेल्या रुग्णालयांत. दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला भेटा, बिल भरल्यावर नव्हे. शालिमारजवळचं सरकारी विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयही लक्षात ठेवा.

जुने ईसीजी ठेवायचे की टाकायचे?

ठेवायचे. हा प्रश्न कमी जण विचारतात, पण मला तो फार आवडतो. काहींच्या पट्टीत जन्मभर एखादी विचित्र रेघ असते आणि ती निरुपद्रवी असते. रात्री दोन वाजता छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाच्या पट्टीत तीच रेघ दिसली, तर ती आजची की दहा वर्षांपूर्वीची, हे जुन्या पट्टीशिवाय कळत नाही. एका आजोबांनी फाइल आणली, प्लॅस्टिकच्या कव्हरात नीट लावलेली, आणि सगळे कागद कोरे! बऱ्याच यंत्रांचा कागद उष्णतेवर छापणारा असतो. ऊन, कपाटातली गरमी आणि प्लॅस्टिकचं कव्हर यांनी अक्षरं उडतात. पट्टी हातात मिळाली की त्याच दिवशी झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये सपाट, सावली न पाडता फोटो घ्या, आणि तो मुलाला नको, सुनेला पाठवा. मुलाला ऐन वेळी सापडत नाही.